पियानोवर दोन्ही हात एकत्र कसे आणावेत

उजवा हात सफाईने चालतो, डावाही एकटा असला की शहाण्यासारखा वागतो, आणि दोघांना एकत्र आणलं की सगळा बोऱ्या वाजतो. आठ वर्षांचं पोर असो की निवृत्त बँक अधिकारी, माझ्याकडे येणारे अडतात ते इथेच.

बैठक, बोटांचे क्रमांक, दोन्ही क्लेफमधले (म्हणजे उजव्या आणि डाव्या हाताच्या ओळींमधले) सूर ओळखणं एवढं येतंय असं धरते. धडा म्हणून 'मिन्युएट इन जी' घ्या. जर्मन संगीतकार बाखच्या घरातल्या 1725 च्या वहीतला हा तुकडा कित्येक वर्षं त्याच्याच नावावर खपला, प्रत्यक्षात तो क्रिस्टियान पेट्झोल्डचा. तीन मात्रांचे 32 बार (दोन उभ्या रेषांमधला एकेक कप्पा म्हणजे बार), आणि डाव्या हाताला काम बेताचं.

आधी प्रत्येक हात वेगळा वाजवा. दोन दिवस पुरे. 'एकेक हात पक्का होईपर्यंत एकत्र वाजवूच नका' हा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो मला मुळीच पटत नाही. एकत्र वाजवणं ही तिसरीच गोष्ट आहे; दोन्ही हात महिनाभर घोटले तरी ती आपोआप येत नाही. उलट दोघांना आपापल्या लयीची सवय लागते आणि ती मोडताना दुप्पट त्रास होतो.

म्हणून पियानोचं झाकण लावा आणि मांडीवर थाप द्या. पहिल्या बारमध्ये उजव्याला पहिली मात्रा पूर्ण, मग चार अर्ध्या. डाव्याला दोन मात्रांचा कॉर्ड (एकत्र दाबलेले सूर), मग एक सूर. तोंडाने मोठ्याने म्हणायचं: 'दोन्ही, उजवा-उजवा, दोन्ही-उजवा'. लाजू नका, मोठी माणसं इथे पुटपुटतात आणि तिथेच फसतात. हे न अडखळता जमलं की झाकण उघडा आणि तेच शब्द म्हणत वाजवा, मेट्रोनोम (ठोके देणारं यंत्र) मिनिटाला 50 ठोक्यांवर ठेवून.

आता सगळ्यात महत्त्वाचं. बार संपला की थांबू नका. पुढच्या बारचा पहिला सूर दोन्ही हातांनी वाजवा आणि मग थांबा. एकेक बार सुटा घोटणाऱ्यांचं वाजवणं प्रत्येक उभ्या रेषेपाशी ठेचकाळतं, कारण त्यांनी रेषा ओलांडायचा सराव केलेलाच नसतो. दुसरा बार सोपा आहे: 'दोन्ही, उजवा, उजवा'. सातव्यात डावा हात अचानक तिन्ही मात्रांवर चालू लागतो, तिथे पुन्हा मांडीवर या.

पेटी वाजवून आलेल्यांना वेगळा इशारा. तुमचा उजवा हात तयार आहे, पण डाव्याने आजवर फक्त भाता मारलाय. तो आतबाहेर हलायला बघतो, मनगट ताठ होतं आणि प्रत्येक सूर धाडकन पडतो. डावा मुद्दाम हलका वाजवा, उजव्याच्या निम्म्या आवाजात. आणि वर सरगम लिहून घेऊ नका. पांढरी पाचला (G) सा धरलात तर इथली काळी तीन (F#) म्हणजे शुद्ध निषाद, हे एकदा समजून घ्या आणि मग स्टाफच, म्हणजे पाच रेषांवरचे सूरच वाचा. सरगम लिहिली की नजर बेस क्लेफकडे, म्हणजे डाव्या हाताच्या ओळीकडे, जातच नाही.

आईवडिलांना एक विनंती. स्वयंपाकघरातून 'चुकलं, पहिल्यापासून घे' असं ओरडू नका. अशाने पहिली ओळ चकचकीत होते आणि शेवटची कायम लंगडी राहते. उलट शेवटच्या चार बारपासून सुरुवात करून मागे मागे या.

वेग वाढवणं सोपं: सलग तीनदा बिनचूक आलं तर चार अंक वर. पेडलला हात लावायचा नाही, म्हणजे पाय. पहिले 16 बार 80 वर चालले की दुसरा भाग उघडा. तिथे काळी एक (C#) येते, ती आधीच पेन्सिलने गोल करून ठेवा.