कुत्र्याला ठेवून फिरायला जाताय? आधी शेजारच्या काकींची तयारी करा

आमचा बंड्या गावठी आहे, वजन १८ किलो, मालवणजवळच्या आमच्या घरात पाच वर्षं मालकासारखा राहतोय. पहिल्यांदा आम्ही त्याला ठेवून ९ दिवस केरळला गेलो तेव्हा तयारी काय केली तर शेजारच्या काकींना सांगितलं, "दोन वेळ भात घाला हं त्याला," आणि कुडाळला जाऊन ट्रेन पकडली. रोज फोन केला की काकी म्हणायच्या, "बरो आसा, तुमी फिरा निवांत." चौथ्या दिवशी खरं बाहेर आलं. "परवापासून जेवक नाय तो." वर पट्ट्यातून मान काढून तो एसटीच्या थांब्यावर जाऊन बसलेला, कारण आम्हाला जाताना त्याने तिथेच बघितलेलं. काकी बिचाऱ्या डब्यात भात घेऊन थांब्यावर, आणि तो सिमेंटच्या बाकाखाली तोंड फिरवून.

चूक काकींची नव्हती, त्यांना काय करायचं हे आम्ही सांगितलंच नव्हतं. म्हणून सांगते, कुत्र्याची तयारी थोडी, सांभाळणाऱ्याची जास्त.

बरोबर न्यायचा विचार आम्हीही केलेला. पण ट्रेनमध्ये न्यायचा तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे आपल्या नावावर पाहिजे, नाहीतर गार्डच्या डब्यातली पेटी. त्या पेटीत मे महिन्यात मी माझ्या कुत्र्याला टाकणार नाही, तुमचं तुम्ही बघा.

मग घरी ठेवायचा की कुत्र्यांच्या बोर्डिंगमध्ये? गावठी कुत्रा, मोकळं अंगण आणि शेजारी चांगला असेल तर घरच बरं. शेजारी नसेल किंवा रोज गोळ्या चालू असतील तर बोर्डिंग, पण आधी स्वतः जाऊन बघा. मी दोनच गोष्टी बघते. एक, रात्री तिथे माणूस झोपतो का. दुसरी, ते लसीकरणाचं कार्ड मागतात का. नाही मागत म्हटल्यावर बाकीच्यांचंही मागितलेलं नसणार, सरळ परत या. रेबीज, नऊ-इन-वन (बऱ्याच रोगांवरची एकत्र लस) आणि केनेल कफची (कुत्र्यांच्या संसर्गजन्य खोकल्याची) लस निघायच्या आदल्या दिवशी टोचून काही उपयोग नाही, निदान दोन-तीन आठवडे आधी उरकून घ्या.

घरी ठेवणार असाल तर सांभाळणाऱ्याने जायच्या आधी चार-पाच दिवस स्वतःच्या हाताने जेवण घालायला पाहिजे, आणि तुम्ही तेव्हा समोर थांबायचं नाही. एक रात्र मुद्दाम पाहुण्यांकडे जाऊन राहा. त्या एका रात्रीत सगळं कळतं, भुंकतो किती, पट्टा सैल आहे का, गेटखालून निघतो का. पट्टा आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं जातील एवढीच जागा ठेवा, आमच्याकडे चार जात होती.

जेवण रोजचंच ठेवा. काकींकडे प्रेम भरपूर, त्यामुळे बांगड्याचं कालवण, वर सुकट, आणि मग कुत्र्याला जुलाब. मी आता सरळ एक वाटी देऊन ठेवते, ही भरून सकाळी आणि ही भरून संध्याकाळी, विषय संपला. मासे द्यायचे तर उकडून आणि काटे काढून, शिजवलेल्या कोंबडीची हाडं अजिबात नाही. पाणी किलोमागे ५० ते ६० मिली तरी पोटात जायला हवं, म्हणजे बंड्याला दिवसाला लिटरभर, उन्हाळ्यात त्याहून जास्त. पाण्याची भांडी दोन ठेवा, एक तो सांडणारच.

आता आपल्याकडचे धोके, हे शहरातले लोक सांगत नाहीत. माडाखाली बांधू नका. सावली छान असते पण वरून नारळ किंवा झावळ पडली तर साखळीतला कुत्रा पळणार कुठे? रात्री अंगणात बांधून ठेवायचा नाही, बिबट्या कुत्र्यासाठीच वस्तीत येतो, तेव्हा पडवीचं दार लावून आत. आंब्याच्या दिवसात कोयी लगेच उचलायला सांगा, कुत्रा चोखतो, गिळतो आणि ती आतड्यात अडकली तर ऑपरेशनशिवाय बाहेर येत नाही. किनाऱ्यावर फिरवणार असतील तर साखळीनेच, कारण वाळूत मेलेला केंड पडलेला असतो, तो फुगणारा मासा, त्याचं विष जीवावर बेततं. पावसाळ्यात साठलेलं पाणी पिऊ द्यायचं नाही, उंदरांच्या मुतातून लेप्टो होतो आणि तो माणसालाही होतो, म्हणजे काकींनाही. घरात उंदराचं औषध टाकलेलं असेल तर जायच्या आधी उचला.

फुरशाचं, म्हणजे त्या लहान विषारी सापाचं, वेगळं सांगते. कुत्रा नाकाने शोधतो म्हणून बऱ्याचदा तोंडावरच चावा बसतो आणि थोबाड सुजतं. त्याला चालवायचं नाही, घट्ट काही बांधायचं नाही, पाला लावत बसायचं नाही, उचलून सरळ डॉक्टर. सापाचं इंजेक्शन सगळ्या ठिकाणी नसतं, म्हणून कुठे मिळतं ते आधीच फोन करून विचारून ठेवा.

हे सगळं तोंडी सांगून राहत नाही. एक कागद फ्रीजवर चिकटवा, मोठ्या अक्षरात. डॉक्टरचा नंबर, दुसऱ्या डॉक्टरचा नंबर, जनावरांची सरकारी हेल्पलाइन १९६२ (त्यांचं काम मुख्य गुराढोरांचं आहे, पण निदान विचारता येतं), आणि कधी घाबरायचं ते. दिवसभर पाणी प्यायला नाही, हिरड्या पांढऱ्या पडल्या, डोळे पिवळे, लघवीत रक्त, पोट फुगून नुसते उमासे, यातलं काहीही दिसलं तर मला फोन नंतर, डॉक्टर आधी. एक दिवस जेवला नाही तर घाबरू नका हेही लिहा. दोन दिवस नाही जेवला तर मला सांगायचंच, माझी ट्रिप खराब होईल म्हणून लपवायचं नाही. कागदासोबत पाकिटात तीन हजार रुपये ठेवते, नाहीतर खर्च करू की नको यात काकींचा अर्धा दिवस जातो. आणि कुत्र्याला बसवून नेईल असा रिक्षावाला आधी ठरवा! आमच्याकडे तिघांनी नाही म्हटलं, चौथा म्हणाला खाली गोणपाट टाका.

निघताना मिठ्या मारत बसू नका. सकाळी त्याला चांगला दमवा, जेवायला घाला, तुमची न धुतलेली चादर त्याच्या जागेवर टाका आणि तो झोपला की मागच्या दाराने निघा. बॅगा आदल्या रात्रीच गाडीत, बॅग दिसली की आमचा काहीच खात नाही. व्हिडिओ कॉलवर हाका मारणं पण मी बंद केलं. आवाज येतो, माणूस नाही, मग तो घरभर शोधत फिरतो आणि काकींना ताप.

परत आलात की कान, काखा आणि बोटांच्या मधे गोचीड बघा. पुढचे दोन-तीन आठवडे ताप, सुस्ती, नाकातून रक्त यावर लक्ष ठेवा, गोचीडताप उशिरा दिसतो.

काकी पैसे घेत नाहीत. मी हल्ली त्यांच्यासाठी साडी आणते आणि महिन्याचे मासे माझ्याकडून. मागच्या वेळी दिवाळीनंतर ६ दिवस गेलेलो, आलो तर बंड्या गेटपर्यंत आला, शेपटी हलवली आणि परत काकींच्या पडवीत जाऊन पडला. काकी आतून म्हणतात कशा, "हेका आता हयसरच ऱ्हवांदे." संध्याकाळचा भात तो अजूनही तिकडेच खातो, वाटीने मोजून.