टर्मिनेटर शोधताय? या चुका टाळा

ई. कोलाय या जिवाणूतल्या एखाद्या जनुकाचं ट्रान्सक्रिप्शन (डीएनएवरून आरएनए उतरवणं) कुठे थांबतं, म्हणजे टर्मिनेटर कुठे आहे, ते शोधा म्हटलं, की नव्या मुलांचा हात आधी लॅपटॉपकडे जातो. जी-सी अक्षरांनी गच्च हेअरपिन (आरएनएची स्वतःवरच दुमडलेली घडी) आणि तिच्यामागे ७-८ यू दिसले तर टर्मिनेटर आहे, नाहीतर नाही! अरे, १९६९ मध्ये जेफ्री रॉबर्ट्स यांनी शोधलेल्या रो प्रथिनाला हेअरपिन लागतच नाही. सहा घटकांचं हे कडं आरएनएवरच्या 'रट' पट्ट्याला धरतं आणि एटीपी (पेशीचं इंधन) खर्चून तो आरएनए बनवणाऱ्या पॉलिमरेजपासून सोडवतं. रटमध्ये सी भरपूर, जी कमी, घड्याही फारशा नाहीत. ठरावीक अक्षरक्रम, म्हणजे मोटिफ, मात्र नाही. म्हणून 'मोटिफ टाकला, काही मिळालं नाही' हे मला ऐकवू नका. मी स्टॉप कोडॉनपुढची (प्रथिन जिथे संपतं त्या खुणेपुढची) शंभरेक अक्षरं छापून घेतो आणि सी हिरव्या, जी लाल पेनानं रंगवतो. हसायचं तर हसा.

खरी डोकेदुखी पुढे आहे. सीक्वेन्सिंगमध्ये आरएनएचं ३' (शेवटचं) टोक दिसलं, म्हणजे पॉलिमरेज तिथेच थांबला असं धरून चालतात. रोनं सोडवलेल्या आरएनएचं टोक एक्सोन्युक्लिएज (टोकाकडून आरएनए खाणारी विकरं) कुरतडत मागे आणतात आणि बऱ्याचदा एखाद्या हेअरपिनला अडतात. नकाशावर उठून दिसते ती हेअरपिन, थांबा असतो पुढेच कुठेतरी. आमच्याकडे एका मुलीनं अशी हेअरपिन तीन प्लाझमिडांत (डीएनएच्या छोट्या कड्यांत) छाटून पाहिली. चार महिने गेले, तरी टर्मिनेशन जागच्या जागी! शेवटी बायसायक्लोमायसिन हे रोला अडवणारं औषध घालून आरएनए काढला, तर नॉर्दर्न ब्लॉटवर (आरएनएची लांबी दाखवणाऱ्या चाचणीत) लांबलचक बँड, म्हणजे थांबवत होता तो रोच. पहिल्याच आठवड्यात करायचा प्रयोग हा. दोष माझाही, चहा पिता पिता तिच्या आराखड्याला मीच मान डोलावली होती.

ऑपेरॉनच्या (एकाच आरएनएवर उतरणाऱ्या जनुकांच्या रांगेच्या) पहिल्या जनुकात स्टॉप कोडॉन घातला, पुढची जनुकं मंदावली, की 'नवा रिप्रेसर (जनुक दाबणारं प्रथिन) सापडला!' म्हणून नाचू नका. प्रथिन बनवणारा रायबोसोम मध्येच उतरला, आरएनए उघडा पडला, रो चढला.

ई. कोलायमधून रोचं जनुक उडवायच्या भानगडीत पडू नका, जंतू जगत नाही. बॅसिलस सबटिलिसमध्ये खुशाल उडवा.

क्षयाच्या जंतूचा रो बायसायक्लोमायसिनला दाद देत नाही. तिथे 'औषधानं फरक नाही, म्हणजे रोचा संबंध नाही' असं लिहून आणलंत तर कागद परत मिळेल.

आणि ई. कोलायमध्ये औषध वापरताना शेजारी लॅम्डा फाज या विषाणूचा टीआर१ हा रोवर चालणारा टर्मिनेटर कंट्रोल म्हणून ठेवाच. औषध घालूनही त्याच्यापुढे ट्रान्सक्रिप्शन सरकलं नाही, तर आधी कुपी बदला.