बाह्य डीव्हीडी ड्राइव्ह लॅपटॉपला जोडताना या चुका टाळा

गणपतीच्या दिवसांत रत्नागिरी आणि सिंधुदुर्गातल्या अनेक घरांत जुन्या सीडी-डीव्हीडी कपाटातून बाहेर निघतात. कोणाकडे लग्नाचे चित्रीकरण असते, कोणाकडे जत्रेत रात्रभर रंगलेला दशावतार, तर कोणाकडे डबलबारीची भजने. मुंबईहून आलेल्या चाकरमान्याच्या पातळ लॅपटॉपला मात्र डीव्हीडी ड्राइव्ह नसतो आणि बऱ्याचदा रुंद, जुन्या पद्धतीचे यूएसबी पोर्टही नसते, त्यामुळे बाह्य ड्राइव्ह आणि यूएसबी-सीचा अडॅप्टर अशी जोडी वापरावी लागते. ती चालली नाही की पहिला दोष ड्राइव्हला दिला जातो आणि दुसरा डिस्कला. प्रत्यक्षात आधी तपासायला हवा तो ड्राइव्ह आणि लॅपटॉप यांच्यामधला मार्ग, म्हणजे अडॅप्टर, केबल आणि विजेचा पुरवठा.

सर्वांत मोठी चूक विजेच्या बाबतीत होते. यूएसबी २.० पोर्टकडून नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर आणि यूएसबी ३.० पोर्टकडून ९०० मिलिअँपिअर एवढ्याच प्रवाहाची हमी असते, तर अनेक स्लिम ड्राइव्हच्या तळाशी असलेल्या लेबलवर ५ व्होल्ट आणि एक अँपिअरहून अधिकचा आकडा छापलेला असतो. डिस्क फिरायला सुरुवात होते तेव्हा ही गरज सर्वाधिक असते. म्हणूनच अपुऱ्या विजेचे लक्षण कानांनाच कळते: ट्रे आत गेल्यावर डिस्क फिरू लागते, आवाज चढत जातो, मध्येच टक्‌टक् होऊन तो बसतो, ड्राइव्हचा दिवा विझून पुन्हा लागतो आणि त्याच क्षणी विंडोज उपकरण तुटल्याचा आणि जोडल्याचा सूर वाजवते. असे ऐकू आले तर ड्रायव्हर, म्हणजे उपकरण चालवणारे सॉफ्टवेअर, शोधत बसण्यात अर्थ नाही. लॅपटॉपला चार्जर लावावा, ड्राइव्ह दुसऱ्या पोर्टमध्ये घालून पाहावा आणि ड्राइव्हसोबत दोन तोंडांची केबल आली असेल तर तिची दोन्ही तोंडे जोडावीत.

याच कारणाने माउस, पेन ड्राइव्ह आणि डीव्हीडी ड्राइव्ह हे सगळे एकाच लहानशा हबला, म्हणजे एका पोर्टचे अनेक पोर्ट करणाऱ्या जोडणीला, लावणे टाळावे. एका पंपावर चार बागांना पाणी सोडले की शेवटच्या कलमापर्यंत धार पोहोचत नाही, तसेच इथे होते. हब वापरणे भागच असेल तर स्वतंत्र वीजजोडणी असलेला घ्यावा. ॲपलचा जुना सुपरड्राइव्ह मात्र हबवर लावूच नये. तो यूएसबी-सीच्या साध्या अडॅप्टरने थेट मॅकलाच जोडावा लागतो.

जुन्या लॅपटॉपमधून काढलेला ड्राइव्ह वापरणाऱ्यांची गफलत वेगळी असते. त्याचे साटा कनेक्टर (ड्राइव्हला संगणकाशी जोडणारे तोंड) हार्ड डिस्कच्या कनेक्टरपेक्षा आखूड असते, त्यामुळे हार्ड डिस्कसाठी घेतलेला अडॅप्टर त्याला बसत नाही आणि जोर लावल्यास पट्टी तुटते. डेस्कटॉपमधल्या मोठ्या ड्राइव्हला तर ५ व्होल्टबरोबर १२ व्होल्टही लागतात, जे लॅपटॉपच्या पोर्टमधून मिळत नाहीत. त्याला वेगळा पॉवर अडॅप्टर हवाच.

फोनला पेन ड्राइव्हसारखे उपकरण जोडण्यासाठी घेतलेला स्वस्त ओटीजी अडॅप्टर वेगाला कमी पडतो, ही शंका अनाठायी आहे. ८ पट वेगाने वाचली जाणारी डीव्हीडी सेकंदाला सुमारे ११ मेगाबाइट माहिती देते आणि तेवढे यूएसबी २.० सहज पेलते. त्या अडॅप्टरची खरी अडचण सैल बसण्याची असते. हात लागला की जोडणी तुटते. केबलच्या बाबतीतही हीच काळजी घ्यावी, कारण घरातल्या काही केबल केवळ चार्जिंगच्या असतात आणि त्यांत माहिती वाहून नेणाऱ्या तारा नसतातच. दिवा लागतो, ट्रे उघडतो, पण लॅपटॉपवर ड्राइव्ह दिसत नाही, तेव्हा आधी केबल बदलावी.

किनारपट्टीवर आणखी एक गोष्ट आवर्जून पाहावी लागते. मालवण, वेंगुर्ले किंवा गुहागरसारख्या ठिकाणी पावसाळाभर उघड्यावर पडलेल्या अडॅप्टरच्या संपर्कपट्ट्यांवर खाऱ्या, दमट हवेने हिरवट थर धरतो. सर्व जोडण्या सोडवून, आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये किंचित भिजवलेल्या कापसाच्या काडीने तो पुसावा आणि पूर्ण वाळल्यावरच जोडणी करावी. पाणी किंवा खोबरेल तेल लावू नये. वातानुकूलित गाडीतून आणलेला थंड ड्राइव्ह लगेच सुरू करणे हीदेखील चूकच, कारण भिंगावर दव धरते आणि चांगली डिस्कही वाचली जात नाही. त्याला तासभर तसाच ठेवावा.

डिस्क पुसताना गोल गोल हात फिरवू नये. मऊ कापडाने मधल्या छिद्राकडून कडेकडे सरळ पुसावे. सीडीच्या छापील बाजूवर बॉलपेनने लिहिणे तर खालच्या बाजूवर चरा पाडण्यापेक्षाही घातक, कारण माहितीचा थर त्या छपाईच्या लगेच खाली असतो.

विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये, म्हणजे जोडलेल्या उपकरणांच्या यादीत, ड्राइव्ह दिसत असेल, तर वाट ठीक आहे असे समजून पुढचे पाहावे. तिथे पिवळे चिन्ह असल्यास ड्राइव्ह अनइन्स्टॉल करून, केबल काढून, लॅपटॉप रीस्टार्ट करून पुन्हा जोडावा. इंटरनेटवरून ‘ड्रायव्हर अपडेटर’ उतरवून घेणे म्हणजे नसती आफत ओढवून घेणे होय. फायली दिसतात पण चित्रपट लागत नाही, ही तक्रार बहुधा ड्राइव्हची नसते: विंडोज १० आणि ११ मध्ये डीव्हीडी चित्रपट चालवण्याची सोय मुळात दिलेलीच नाही, आणि व्हीएलसी हे चित्रफिती चालवणारे सॉफ्टवेअर घातल्यावर अशा डीव्हीडी चालतात. जुनी व्हीसीडी असेल तर तिच्यातील ‘एमपीईजीएव्ही’ फोल्डरमधली डॅट फाइल व्हीएलसीत उघडावी.

डिस्क रिकामी असल्याचे दाखवून विंडोज ती वापरण्यासाठी तयार करू का, असे विचारते, तेव्हा होकार कदापि देऊ नये. रेकॉर्डिंग करणाऱ्याने डिस्क फायनलाइझ केलेली, म्हणजे इतर यंत्रांना वाचता यावी म्हणून शेवटी बंद केलेली, नसली, तरी ती दुसऱ्या यंत्रात रिकामी दिसू शकते, आणि पुन्हा लिहिता येणारी डिस्क असेल तर एका होकाराने आतले सारे पुसले जाते. अशी डिस्क बाहेर काढून, ज्या यंत्रावर ती तयार झाली तिथे किंवा दुसऱ्या एखाद्या ड्राइव्हमध्ये लावून पाहावी, कारण एका ड्राइव्हला न वाचता आलेली डिस्क दुसरा ड्राइव्ह कधी कधी विनातक्रार वाचतो.