रेडिएटरमधून कूलंट गळत होतं, स्टॉप-लीकने तात्पुरतं असं थांबवलं

लक्षण असं: सकाळी गाडीखाली हिरवे थेंब, कूलंटची पातळी रोज खाली आणि वर्धा रोडवर सिग्नलला थांबलं की टेम्परेचरचा काटा वर, म्हणून एसी बंद. होजचे क्लॅम्प आवळले, रेडिएटरचं झाकण बदललं, गळती तशीच. ऐन नवतपात (मे अखेरचे कडक उन्हाचे नऊ दिवस) एसीविना नागपुरात गाडी चालवणं म्हणजे वैताग! शेवटी मेकॅनिकने टॉर्च मारून दाखवलं: रेडिएटरच्या जाळीत खालच्या कोपऱ्यात वाळलेला हिरवट थर, म्हणजे बारीक छिद्र. नवा रेडिएटर यायला वेळ होता, म्हणून तोवर स्टॉप-लीक (कूलंटमध्ये मिसळून बारीक छिद्र बुजवणारं द्रव) आणलं.

इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं (गरम असताना झाकण उघडाल तर उकळतं पाणी अंगावर येईल). स्टॉप-लीकच्या बाटलीत जेवढं द्रव होतं, तेवढंच कूलंट रेडिएटरच्या खालून काढलं. बाटली जोरात हलवली, कारण गाळ तळाशी बसतो. मग थेट रेडिएटरमध्ये ओतली, बाजूच्या टाकीत नाही. कूलंटने भरून झाकण लावलं, हीटर फुल गरमवर ठेवला आणि इंजिन 20 मिनिटं आयडलवर. थंड झाल्यावर पातळी पुन्हा भरली.

थेंब थांबले. दुसरी बाटली मात्र ओतू नका, हीटर कोअर (केबिन गरम करणारा छोटा रेडिएटर) चोंदतो. फाटलेल्या होजला किंवा वॉटर पंपाच्या सीलला याचा उपयोग नाही. नवा रेडिएटर बसवताना सिस्टीम फ्लश करून घ्यायचीच.