टाचण्या आणि पट्टीने काचेचा अपवर्तनांक कसा काढावा

निर्वातातल्या प्रकाशाच्या वेगाला माध्यमातल्या वेगाने भागलं की त्या माध्यमाचा अपवर्तनांक मिळतो. पाण्याचा सुमारे १.३३, हिऱ्याचा २.४२. हवेचा १.०००३, म्हणून हवा आणि निर्वात यांतला फरक इथे सोडून दिला तरी चालतो.

साहित्य: काचेची आयताकृती चीप, ड्रॉइंग बोर्ड, कागद, चार टाचण्या, पट्टी, गुण्या, कोनमापक, कंपास.

कागदावर चीप ठेवून कडा आखा आणि चीप उचला. लांब कडेच्या साधारण मध्यावर बिंदू घेऊन तिथे स्तंभिका, म्हणजे कडेला लंब रेषा, काढा, ती दोन्हीकडे वाढवा. हवेच्या बाजूला स्तंभिकेशी ४५ अंशांची रेषा काढून तिच्यावर निदान ५ सेंमी अंतराने दोन टाचण्या उभ्या टोचा.

चीप जागेवर ठेवा. आता समोरच्या बाजूने, एक डोळा मिटून, काचेतून पाहा. डोळा सरकवत न्या. एका जागी पुढची टाचणी मागचीला पूर्ण झाकते. त्याच रेषेत तिसरी टोचा, मग चौथी. नजर टाचण्यांच्या बुडाशी असू द्या, कारण टाचणी किंचित कलली तरी डोकी फसवतात. चीप काढून शेवटच्या दोन छिद्रांतून रेषा ओढा. ती पहिल्या रेषेला समांतर हवी. नसेल तर टाचण्या पुन्हा लावा, पुढे जाऊ नका. समांतर असेल तर किरण काचेत शिरला तो बिंदू आणि बाहेर पडला तो बिंदू जोडा.

बरेच जण इथे दोन्ही कोन कोनमापकाने मोजतात. मला ते पटत नाही: काचेतला कोन एका अंशाने चुकला तर उत्तर जवळपास तीन टक्क्यांनी ढळतं. त्यापेक्षा शिरण्याच्या बिंदूवर कंपास ठेवून ५ सेंमी त्रिज्येचं वर्तुळ काढा. हवेतली आणि काचेतली रेषा वर्तुळाला जिथे छेदतात, तिथून स्तंभिकेपर्यंतची लंब अंतरं मोजा. समजा ३.५ आणि २.३ सेंमी आली. भागाकार १.५२, हाच अपवर्तनांक. म्हणजे काचेत प्रकाश सेकंदाला सुमारे १ लाख ९७ हजार किलोमीटर धावतो, आणि हे आपण पट्टीने मोजलं!

३० आणि ६० अंशांनाही करून पाहा. कोनांचं गुणोत्तर बदलतं, लंब अंतरांचं बदलत नाही. डच गणितज्ञ विलेब्रॉर्ड स्नेल यांना १६२१ साली सापडलेला नियम तो हाच. किरण सरळ स्तंभिकेवरून सोडला तर मात्र काही हाती लागत नाही. वेग तेवढाच कमी होतो, पण किरण वाकत नाही, आणि दोन्ही अंतरं शून्य येतात.