फेऱ्या मारून मदतनिधी कसा उभारावा

चार मित्र जमले की ‘चांगल्या कामासाठी सामने भरवू’ ही कल्पना लगेच सुचते. पैसे प्रत्यक्ष हातात पडणं मात्र वेगळी गोष्ट.

पहिल्यांदा काम ठरवा, तेही नेमकं. ‘गरजूंना मदत’ म्हटलं की लोक मान डोलावून पुढे जातात; ‘अंध मुलांच्या वाचनालयाला वीस ब्रेल पुस्तकं’ म्हटलं की विचारतात, किती कमी पडतायत? ज्या संस्थेसाठी पैसे जमवणार, तिचं नाव वापरायची लेखी परवानगीही आधीच घ्या.

मग खेळ निवडा. स्पर्धा भरवली तर चषक, पंच, मैदान यांतच बरीच रक्कम विरते. माझं मत फेऱ्यांच्या बाजूने: मुलांनी मैदानाला फेऱ्या मारायच्या आणि ओळखीच्यांनी फेरीमागे ठरावीक पैसे द्यायचा शब्द आधीच द्यायचा. चालत चालत येणारासुद्धा त्यात भर घालतो, आणि मागणं एका वाक्यात सांगता येतं. १९८० साली कर्करोगामुळे उजवा पाय गमावलेला २१ वर्षांचा टेरी फॉक्स कृत्रिम पायावर कॅनडा ओलांडायला निघाला, तेव्हा त्याचं मागणंही असंच सुटसुटीत होतं: माणशी एक डॉलर. १४३ दिवसांत ५,३७३ किलोमीटर धावल्यावर आजार उलटला आणि त्याला थांबावं लागलं. पण पुढच्या फेब्रुवारीपर्यंत २ कोटी ४० लाख डॉलरच्या वर जमले. देशाची लोकसंख्याही तेव्हा साधारण तेवढीच होती.

आता वही. प्रत्येक धावणाऱ्याला एक पान द्या आणि त्यावर पाच रकाने आखा: देणाऱ्याचं नाव, फेरीमागे किती, जास्तीत जास्त किती, फेऱ्या झाल्या किती, पैसे आले का. तिसरा रकाना गाळू नका. दहाएक फेऱ्या धरून शब्द दिलेल्या काकांपुढे पोरगी चाळीस फेऱ्यांचा हिशेब ठेवते, तेव्हा काकांचा चेहरा पाहण्यासारखा होतो आणि पुढच्या वर्षी ते दार उघडत नाहीत. सगळ्यांना मिळून एक संदेश टाकून भागत नाही. एकेकाला नावाने विचारा.

धावायच्या दिवशी ऊन चढायच्या आत सुरुवात करा. पाणी, प्रथमोपचार आणि एक जाणती व्यक्ती मैदानावर हवीच. मोजणीसाठी दर फेरीला मनगटात एक रबरबँड अडकवा. शेवटी वाद उरत नाही. प्रमाणित मैदानावर आतल्या पट्ट्यातली फेरी ४०० मीटरची, म्हणजे पंचवीस फेऱ्यांत १० किलोमीटर. आठव्या पट्ट्यातून धावणारा दर फेरीला पन्नासेक मीटर जादा धावतो, त्यामुळे सगळ्यांना आतच ठेवा.

वसुली आठवड्याच्या आत उरका, नंतर शब्द पातळ होतो. पैसे शक्यतो थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या. रोख आलीच तर दोघांनी मिळून मोजायची, सही करायची; सगळे अठराच्या आतले असाल तर त्यातला एक मोठा माणूस असावा.

संस्थेची पावती आली की तिचा फोटो आणि खर्चासकट हिशेब वहीतल्या प्रत्येकाला पाठवा. शब्द देऊन पैसे न दिलेल्यांना तर आवर्जून पाठवा. त्यातले दोघे-तिघे त्याच रात्री पैसे भरतात.