स्कॉटलंडचा जुना मॅनर हाऊस बघायचा कसा (अर्धा अभ्यास सोलापुरातच करून जा)

एडिनबरा-ग्लासगोला शिकणाऱ्या पोरांकडं जाणार असाल तर तिथला एखादा जुना जमीनदारी वाडा बघाच, पण आधी घरी बसून थोडा अभ्यास करा, नाहीतर मनोऱ्यापुढं सेल्फी काढून परत येता आणि खरं घर बघायचं राहूनच जातं. बहुतेक जुनी घरं एका दमात बांधलेली नसतात, मधे जुना बुरुज आणि पुढच्या पिढ्यांनी त्याला जोडत नेलेल्या खोल्या. तो बुरुज हुडकायचा.

नजर खालून वर न्या. तळमजल्याला दगडी कमानीचं छत, जाडजूड भिंत, बारीक खिडक्या आणि बंदुकीची भोकं असली तर तो १५००-१६०० च्या काळातला टॉवर हाऊस धरा, आपल्या भुईकोट किल्ल्याच्या तटाला जंग्या असतात ना, काम तेच. खाली कोठार, मोठा हॉल वरच्या मजल्यावर. ॲबर्डीनशायरचा क्रेगिव्हार हा टॉवर हाऊस (१६२६) फोटोत नीट बघा, खाली भिंत एकदम साधी आणि वर सगळे मनोरे नि नक्षी, भिंतीवर चुना-खडीचं मिश्रण फेकून मारलेलं, त्याला हार्लिंग म्हणतात, पावसापासून दगड वाचतो.

दारावरचा दगड झूम करा. नवरा-बायकोची आद्याक्षरं आणि साल असतं, आडनावाची अक्षरं वेगळी दिसली तर गोंधळू नका, तिकडं बायका माहेरचं आडनाव ठेवायच्या. पण ते साल लग्नाचं किंवा दुरुस्तीचंही असू शकतं, लगेच बांधकामाचं धरू नका.

मनोरे दिसले म्हणून जुनं असंही नाही. कादंबरीकार वॉल्टर स्कॉटचं घर ॲबट्सफर्ड १८२४ ला पूर्ण झालं, राजघराण्याचं बाल्मोरल १८५० च्या दशकातलं, त्यानंतर श्रीमंतांत मनोऱ्यांची फॅशनच आली. मोठ्या काचा, नोकरांचे वेगळे जिने-बोळ दिसले की बहुतेक व्हिक्टोरियन, म्हणजे राणी व्हिक्टोरियाच्या काळातलं. समोरची बाजू दोन्हीकडं अगदी सारखी असेल तर बहुतेक १६८० नंतरची, विल्यम ब्रूस या वास्तुरचनाकारानं ती पद्धत रुजवली.

माझ्या मते सगळ्यात भारी काम नकाशाचं, एक संध्याकाळ द्याच त्याला. स्कॉटलंडच्या नॅशनल लायब्ररीच्या साईटवर १८४० नंतरचे सहा-इंची (एका मैलाला सहा इंच) नकाशे फुकट आहेत, शेजारी सॅटेलाईट लावा, जो भाग जुन्या नकाशात नाही तो नंतर जोडलेला.

सुरुवातीला ट्रॅक्वेअर हा जुना वाडा घ्या, त्याचा इतिहास ११०७ पर्यंत मागं जातो आणि बाजूच्या दोन विंग १६९० च्या दशकातल्या, फरक लगेच कळतो. आणि तिकीट काढायच्या आधी तारखा बघा, यातली बरीच घरं हिवाळ्यात बंद असतात.